कार्डावरचे फोटो उडालेत? आधी कॅमेरा बंद करा

आधी कॅमेरा बंद करा. कार्ड बाहेर काढा, पाकिटाच्या चोरकप्प्यात ठेवा आणि मग निवांत बसून हे वाचा. एवढं एक काम वेळेवर झालं असेल तर पुढचं सगळं चिकाटीचं आहे. ते झालं नसेल तर महागातलं महाग सॉफ्टवेअर आणूनही हाती अर्धंमुर्धंच लागतं.

मी काही डेटा रिकव्हरीचं दुकान चालवत नाही. बोरिवलीला राहते, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून फिरते, आणि एकदा स्वतःच्याच हाताने स्वतःचं कार्ड साफ केल्यामुळे या विषयात पडले. तेव्हापासून नात्यागोत्यात 'फोटो गेले की हिला विचारा' अशी माझी ख्याती झाली आहे. लग्नसराईत तर हमखास फोन येतो. मागच्या वेळी मामेभाऊ होता.

"ताई, मित्राच्या हळदीचे सगळे फोटो गेले गं. चुकून फॉरमॅट दाबलं गेलं."

"बरं. त्यानंतर काही काढलंस त्या कार्डावर?"

पलीकडे शांतता.

"थोडेसे. वरातीचे. दोनेकशे असतील."

या 'थोडेसे'वरच सगळं अडतं. ते का, हे एकदा कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात. म्हणून आधी तेवढं सांगते.

डिलीट केल्यावर कार्डात काय होतं

जुन्या चाळीत जिन्याखाली नावांची पाटी असायची. कोणत्या खोलीत कोण, ते त्यावर लिहिलेलं. कार्डालाही अशी पाटी असते: कोणता फोटो कुठल्या जागेपासून सुरू होतो, किती मोठा आहे, पुढचा भाग कुठे आहे. कॅमेऱ्यात डिलीट दाबलं की साधारणपणे फक्त पाटीवरचं नाव खोडलं जातं. खोलीतलं बिऱ्हाड जिथल्या तिथे असतं. मालकाच्या लेखी मात्र ती खोली आता रिकामी. नवा भाडेकरू आला की त्याला तीच खोली दिली जाणार, आणि तो आत शिरला की जुन्या बिऱ्हाडाचं सामान कायमचं गेलं. इथे नवा भाडेकरू म्हणजे तुम्ही पुढे काढलेला फोटो.

साध्या फॉरमॅटमध्येही हेच होतं, फक्त सगळी पाटी एकदम कोरी होते. म्हणून 'फॉरमॅट मारला, आता संपलं' असं समजून रडत बसू नका. अपवाद एक लक्षात ठेवा: काही कॅमेऱ्यांत फॉरमॅटच्या पडद्यावर 'लो लेव्हल फॉरमॅट' असा वेगळा चौकोन असतो. तो टिचकवून फॉरमॅट केलं असेल तर खोल्याही झाडून काढलेल्या असतात, मग काही हाती लागत नाही.

थोडं तांत्रिक सांगायचं तर, ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सहसा 'फॅट ३२' ही मांडणी असते आणि ६४ जीबीपासून पुढे 'एक्सफॅट'. फॅट ३२ मध्ये फाइल डिलीट झाली की तिच्या नावाचं पहिलं अक्षर एका खुणेने बदललं जातं. त्यामुळेच परत मिळालेल्या फाइलचं नाव कधीकधी 'आयएमजी'ऐवजी नुसतं 'एमजी' असं, पुढचा दात पडल्यासारखं दिसतं. फोटोला त्याने काही होत नाही.

आता माझी गोष्ट. गुढीपाडव्याच्या सकाळी घरची गुढी उभारताना चार-पाच फोटो काढले, मग गिरगावची शोभायात्रा गाठली. ठाकुरद्वार नाक्यावर उन्हात तीन तास उभी होते. नऊवारी, फेटे, बुलेटवरच्या बायका, ढोलपथक, सगळं. परतताना चर्नी रोडहून स्लो पकडली, खिडकी मिळाली, म्हणून फोटो चाळत बसले. एक हललेला फोटो काढून टाकायचा होता. गाडीने माटुंग्याच्या आसपास हिसका दिला आणि अंगठा 'ऑल इमेजेस ऑन कार्ड'वर पडला. 'ओके' मीच दाबलं, सवयीने.

इथपर्यंत काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडलं ते पुढच्या मिनिटात. कार्डच तर खराब झालं नाही ना, हे बघायला मी डब्यातल्या लोंबत्या कड्यांचे दोन फोटो काढले. घाबरलेला माणूस काहीतरी करून बघतोच! माझ्या कॅमेऱ्याने ते दोन फोटो कार्डाच्या अगदी सुरुवातीच्या जागेवर बसवले. तिथे होते सकाळचे पहिले फोटो: आजेसासूबाई गुढीला साखरेची गाठी बांधताना. शोभायात्रा जवळजवळ सगळी परत मिळाली. गाठीचे ते तीन फोटो नाही मिळाले.

मामेभावाचंही तेच. वरातीचे दोनशे बसले ते हळदीच्या पहिल्या दोनेकशेंच्या उरावर. बाकीचे आले.

खरंच उडालेत का, ते बघा

शोधाशोध सुरू करण्याआधी दोन मिनिटं इथे घालवा. दोन खाचांचा कॅमेरा असेल तर दुसऱ्या खाचेतलं कार्ड बघायचं राहिलेलं असतं. पडद्यावर 'नो इमेज' आलं तरी घाबरू नका. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात काढलेले फोटो काही कॅमेरे दाखवतच नाहीत. कार्डावरच्या 'डीसीआयएम' फोल्डरमध्ये एकापेक्षा जास्त उपफोल्डर असतील तर काही कॅमेरे त्यातला एकच दाखवतात. फोटो मॅकवर कार्ड लावून डिलीट केले असतील तर ते अजून 'ट्रॅश'मध्ये असू शकतात. विंडोजवाल्यांना ही सोय नाही. कार्डावरून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

आणि हे बघायचं कॅमेऱ्यात नव्हे, कॉम्प्युटरवर, कार्डाचं कुलूप लावून. ते कुलूप कसं लावायचं ते आता सांगते.

जमवाजमव

एसडी कार्ड लेबल तुमच्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे येईल असं धरा. डाव्या कडेला एक चिमुकली पट्टी सरकते. ती खाली ओढली की कार्ड 'लॉक' झालं. मग कार्ड रीडर कॉम्प्युटरला सांगतो की यावर लिहायचं नाही. हे महत्त्वाचं, कारण कॉम्प्युटर न विचारताही कार्डावर खरडतो. मॅक तर कार्ड लावल्या लावल्या स्वतःच्या लपवलेल्या फाइली त्यावर टाकतो. मायक्रोएसडीला स्वतःची पट्टी नसते, पण ते ज्या अॅडॉप्टरमध्ये घालता त्याला असते. जुन्या कार्डांची पट्टी ढिली होऊन आपोआप सरकते. घालताना ती खालीच आहे ना, एकदा बघून घ्या.

कार्ड रीडर हवाच. कॅमेरा केबलने जोडून हे काम होत नाही, कारण तसा जोडला की कॅमेरा आपल्याला फक्त फाइलींची यादी देतो, आतली कच्ची जागा वाचू देत नाही. पुसलेले फोटो त्या कच्च्या जागेतच असतात. साधा यूएसबी ३ रीडर लॅमिंग्टन रोडला किंवा फोर्टात बोरा बाजारच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत काही शे रुपयांत मिळतो. यूएसबी २ चा जुना रीडर घरात असेल तर तोही चालेल, फक्त चहाचे कप वाढतील: ६४ जीबीचं कार्ड सेकंदाला ९० एमबीने वाचलं तर साधारण १२ मिनिटं, ३० एमबीने वाचलं तर ३५ मिनिटांच्या पुढे.

तिसरी गोष्ट म्हणजे मोकळी जागा. कार्ड जेवढं आहे त्याच्या दुप्पट तरी जागा लॅपटॉपवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर मोकळी असावी. ६४ चं कार्ड असेल तर १३० जीबी धरून चाला.

कार्ड लावल्यावर विंडोज कधीकधी 'हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल' अशी पाटी दाखवतं. कॅन्सल करा. 'ड्राइव्हमध्ये अडचण आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का' असं विचारलं तरी नाही म्हणा. ही दुरुस्ती पाटी नीट करते, बिऱ्हाडाची तिला फिकीर नसते. कुणी जाणकार शेजारी 'सीएचकेडीएसके चालव' (विंडोजची हीच दुरुस्ती) म्हणाले तर त्यांना आधी चहा द्या आणि कार्ड त्यांच्यापासून लांब ठेवा.

पहिली पायरी: कार्डाची नक्कल

ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात असं मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही. पण माझ्या ओळखीत तरी कुणीच करत नाही. मी मात्र आता हिच्याशिवाय पुढे जात नाही. नक्कल म्हणजे फाइली कॉपी-पेस्ट करणं नव्हे. कार्डातला प्रत्येक कण, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट, एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घ्यायचा. मग कार्ड डब्यात बंद, आणि सगळे प्रयोग त्या फाइलवर. दहा वेळा चुकलात तरी मूळ माल शाबूत.

यासाठी आणि पुढच्या कामासाठीही मी एकच पाकीट वापरते: टेस्टडिस्क आणि फोटोरेक. फ्रान्सच्या ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली ही जोडी फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. सीजीसिक्युरिटी या त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. 'फोटो रिकव्हरी फ्री' असं शोधून पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारू नका. झिप फाइल उघडली की झालं, इन्स्टॉल करायची भानगड नाही.

टेस्टडिस्क उघडताना 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करा. काळा पडदा येईल, माउस चालणार नाही, बाणांच्या कळांनी फिरायचं. दिसायला १९९० सालचा रेल्वे आरक्षणाचा पडदा, पण काम चोख. लॉग नको म्हणा, यादीतून कार्ड निवडा. कार्ड कोणतं ते आकारावरून ओळखा: ६४ चं कार्ड यादीत ५९-६० च्या आसपास दिसेल, तुमची हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट मोठी असेल. दोनदा बघा. मग 'प्रोसीड', पाटीचा प्रकार तो स्वतःच सुचवतो तोच ठेवा, 'अॅडव्हान्स्ड'मध्ये जा, कार्डाचं पार्टिशन निवडा आणि 'इमेज क्रिएशन'. नक्कल कुठे ठेवायची ते विचारेल. लॅपटॉपवरचं किंवा हार्ड डिस्कवरचं फोल्डर दाखवा, आणि 'सी' दाबा. 'इमेज.डीडी' नावाची फाइल तयार होईल.

'अॅडव्हान्स्ड'मध्ये पार्टिशनच दिसलं नाही, तर पाटीचं फारच नुकसान झालंय. मग नक्कल करायला दुसरा प्रोग्राम घ्या किंवा निरुपाय म्हणून कुलूप लावलेल्या कार्डावरच थेट फोटोरेक चालवा. आणि नक्कल करताना कार्ड मधेच अडकत असेल, रीडरमधून आपोआप गायब होत असेल, चटका बसेल इतकं तापत असेल, तर थांबा. तो मामला वेगळा आहे, त्याबद्दल खाली.

दुसरी पायरी: नावासकट मिळतात का

फक्त डिलीट झालं असेल, फॉरमॅट नाही, तर आधी सोपा मार्ग. टेस्टडिस्कमध्येच 'अॅडव्हान्स्ड'खाली 'अनडिलीट' आहे; खोडलेल्या फाइली लाल अक्षरांत दिसतात, निवडून दुसऱ्या जागी कॉपी करता येतात. काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर विंडोजवर रेकुवा हे फुकट सॉफ्टवेअर आहे, ते प्रत्येक फाइलपुढे हिरवा, पिवळट किंवा लाल ठिपका दाखवतं. हिरवा ठिपका म्हणजे लॉटरी नव्हे, फोटो उघडून बघेपर्यंत विश्वास ठेवू नका. रेकुवा कार्डाच्या ड्राइव्हवर चालवायचं असल्याने पट्टी खालीच हवी.

या मार्गाचा फायदा असा की नावं, तारखा, फोल्डर जागच्या जागी मिळतात. मिळाले सगळे? छान, तिसरी पायरी सोडा.

तिसरी पायरी: फोटोरेक

फॉरमॅट झालेलं कार्ड, 'फॉरमॅट करा' असं ओरडणारं कार्ड, किंवा वरच्या पायरीत अर्धेच फोटो मिळालेलं कार्ड, यांच्यासाठी हा रामबाण. फोटोरेक पाटीकडे बघतच नाही. तो प्रत्येक खोलीचं दार ठोठावत जातो. जेपेग फोटोची सुरुवात ठरलेल्या अंकांनी होते, एफएफ डी८ एफएफ, आणि शेवट एफएफ डी९ ने. अशी सुरुवात दिसली की तो तिथून फोटो उचलायला लागतो. म्हणूनच माझ्या गाठीच्या फोटोंचं काही होऊ शकलं नाही. लोकलच्या कड्यांनी त्यांची डोकीच झाकली होती, आणि डोकं नसलेलं धड कुणाचं ते फोटोरेकला ओळखता येत नाही.

त्याच झिपमध्ये 'क्यूफोटोरेक' आहे, त्याला माउस चालतो. तेही अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. वरच्या यादीच्या अगदी तळाशी 'अॅड रॉ डिस्क इमेज' आहे, तिथून आपली 'इमेज.डीडी' दाखवा. खाली मांडणीचा प्रकार विचारतो, त्यात फॅटचा उल्लेख असलेली ओळ निवडा. मग 'फ्री' की 'होल' असा प्रश्न येतो. नुसतं डिलीट झालं असेल तर 'फ्री', म्हणजे फक्त रिकाम्या म्हणून नोंदलेल्या खोल्या. फॉरमॅट झालं असेल किंवा कार्ड बिघडलं असेल तर 'होल', म्हणजे अख्खं कार्ड. शंका आली तर 'होल'च ठेवा. नको असलेले फोटोही येतील, इतकंच.

'फाइल फॉरमॅट्स'मध्ये लांबलचक यादी आहे. नुसते जेपेग हवे असतील तर सगळ्या खुणा काढून 'जेपीजी' तेवढी ठेवा. रॉ काढत असाल तर 'टिफ'ही ठेवा, कारण निकॉनची एनईएफ आणि कॅननची सीआर२ तिच्याखाली मोडते. तुमच्या कॅमेऱ्याची रॉ कुठल्या खुणेत येते ते कळत नसेल तर यादीला हात लावू नका. वेळ थोडा जास्त जाईल, पण राहून काही जाणार नाही.

आता 'ब्राउज' करून निकाल कुठे ठेवायचा ते दाखवा. कार्डावर नाही. कधीच नाही. वाचवलेला पहिला फोटो कार्डावर ठेवला की तो न वाचवलेल्या विसाव्या फोटोवर जाऊन बसतो. 'सर्च' दाबा आणि उठा. खिडकीत जाऊन उभे राहा, डाळ लावा, काहीही करा, पण तो आकडा वर चढताना बघत बसू नका. दर दोन मिनिटांनी काळजाचा ठोका चुकतो.

ढिगारा निवडणं

निकाल म्हणून जे फोल्डर मिळतात ते बघून पहिल्यांदा निराशाच होते. नावं सगळी गेलेली. 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा, अशा शेकडो फाइली. त्यांच्यात 'टी'ने सुरू होणाऱ्या चिटुकल्या फाइली असतात, त्या मूळ फोटोच्या आत दडलेल्या लहान प्रतिमा आहेत. आकारमानानुसार लावा, काही केबीच्या सगळ्या एका बाजूला होतील, त्या बाजूला सारा. टाकून देऊ नका इतक्यात: मूळ फोटो फाटका निघाला तर कधीकधी तेवढीच आठवण उरते.

मग विंडोजमध्ये फोल्डरच्या स्तंभांत 'डेट टेकन' जोडा आणि त्यानुसार लावा. फोटो काढल्याची वेळ पाटीवर नाही, फोटोच्या पोटात लिहिलेली असते, त्यामुळे ती वाचलेली असते. माझी अख्खी शोभायात्रा त्या एका टिचकीत रांगेत उभी राहिली. 'होल' निवडलं असेल तर मागच्या दिवाळीचे, विसरलेल्या सहलीचे फोटोही वर येतात. एका मैत्रिणीला असे सहा महिन्यांपूर्वीचे शिवडीचे फ्लेमिंगो मिळाले, जे तिने काढल्याचं तिलाच आठवत नव्हतं.

काही फोटो वरून ठीक आणि खालून राखाडी निघतील. माझ्या ढिगाऱ्यात एक होता: वरच्या भागात भगवा फेटा आणि नथ, नाकाखालून सपाट करडा पट्टा, आणि त्याच्याही खाली दुसऱ्याच फोटोतल्या ढोलाची कड. हे असं होतं कारण तो फोटो कार्डावर सलग बसलेला नव्हता, तुकड्यांत होता, आणि पाटी नसताना पुढचा तुकडा कुठे हे सांगणारं कुणी उरत नाही. तुकडे पडतात ते आपल्याच एका सवयीमुळे: चालता चालता एकेक नको असलेला फोटो कॅमेऱ्यात डिलीट करणं. मधेमधे लहान भोकं पडतात आणि पुढचा मोठा फोटो दोन-तीन भोकांत विभागून बसतो. म्हणून हललेला, मिटल्या डोळ्यांचा, जसा असेल तसा घरी येऊ द्या. निवड लॅपटॉपवर.

व्हिडिओचं जास्त कठीण. फाइली मोठ्या, तुकडे पडायची शक्यता जास्त, आणि व्हिडिओ चालवायला लागणारी सूची बहुतेक कॅमेरे फाइलच्या शेवटी लिहितात. शेपूट हरवली की धड चालत नाही. मिळाला तर नशीब, असं धरूनच चला.

पैसे कधी मोजायचे

विकतची रिकव्हरी सॉफ्टवेअर बरीच आहेत, काही चांगलीही आहेत. बहुतेक फुकटात स्कॅन करून फोटो दाखवतात आणि सेव्ह करायला पैसे मागतात. याचा उपयोग करून घ्या: फोटो पूर्ण, मोठा, स्वच्छ दिसला तरच खिशात हात घाला. आणि क्रॅक केलेली आवृत्ती नको. फोटो वाचवायला जाऊन लॅपटॉप गमावलेले लोक मी पाहिलेत.

कार्ड कुठल्याच रीडरमध्ये दिसत नसेल, शून्य किंवा भलताच लहान आकार दाखवत असेल, वाकलं-तुटलं असेल, तर सॉफ्टवेअरचं काम संपलं. आधी तांबूस-सोनेरी पट्ट्या स्वच्छ रबराने हलकेच पुसून, दुसऱ्या रीडरमध्ये एकदा लावून बघा. मुंबईच्या पावसाळ्यात नुसत्या दमटपणाने पट्ट्यांवर थर चढतो. भिजलं असेल तर पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या, ड्रायर मारू नका. तरी नाही जमलं तर खरोखरची डेटा रिकव्हरी लॅब लागते, जिथे चिपमधून थेट वाचतात. ते महाग पडतं. कार्ड हातात देण्याआधी तीन प्रश्न विचारा: तपासणीचे वेगळे पैसे आहेत का, डेटा नाही मिळाला तर किती, आणि काम झाल्यावर तुमच्याकडची प्रत पुसणार का. एका दुकानात मला तपासणीची मोठी रक्कम सांगितली होती, आणि काउंटरच्या आत मॉनिटरवर फोटोरेकच उघडलेला दिसत होता. मी कार्ड परत घेतलं.

स्वस्तातली कार्डं हा वेगळाच छळ. फुटपाथवर १२८ जीबी म्हणून घेतलेल्या कार्डाच्या आत प्रत्यक्षात ८ किंवा १६ जीबीच असू शकते. ती भरेपर्यंत सगळं ठीक, पुढचे फोटो लिहिल्यासारखे दिसतात आणि कुठेच नसतात. ते परत आणता येत नाहीत, कारण ते कधी लिहिलेच गेले नव्हते. नवं कार्ड घेतलं की विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफ३ चालवून ते बोलतंय तेवढं आहे का ते आधी तपासा.

मोबाइलचं विचारणारे बरेच असतात, म्हणून दोन ओळी. हल्लीच्या फोनच्या आतली मेमरी कूटबद्ध असते आणि फोन रिकामी जागा स्वतःच झाडत राहतो, त्यामुळे वरचं काहीही तिथे लागू पडत नाही. आयफोनमध्ये 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस बघा, गुगल फोटोजच्या बिनमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो. त्यापुढे आशा सोडा.

मिळाल्यावर

लगेच कार्ड फॉरमॅट करून कामाला लावू नका. मिळालेले फोटो एकेक उघडा, मोठे करून बघा. लहान चौकटीत ठीक दिसणारा फोटो आत फाटका असू शकतो. दोन ठिकाणी प्रत ठेवा. 'इमेज.डीडी'ही महिनाभर राहू द्या. त्यानंतर पट्टी वर करा आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. घोटाळा तुमच्या अंगठ्याचा असेल तर कार्ड निर्दोष आहे, बिनधास्त वापरा. कार्ड स्वतःहून बिघडलं असेल तर कात्रीने दोन तुकडे.

महत्त्वाच्या फोटोवर कॅमेऱ्यातच 'प्रोटेक्ट'ची किल्ली लावायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली. 'ऑल' डिलीट केलं तरी किल्लीवाले फोटो राहतात. फॉरमॅटपुढे मात्र किल्लीचं काही चालत नाही.

आणि जे मिळाले नाहीत त्यांच्यासाठी एक काम सॉफ्टवेअरशिवायचं: तिथे आणखी कोण कोण होतं ते आठवा आणि त्यांना फोन करा. व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो दाबून लहान होतो. गाठीच्या फोटोंसाठी मी असंच सगळ्यांना विचारलं. दोन दिवसांनी जाऊबाईंच्या मोबाइलमध्ये एक सापडला. खिडकीत गुढी, कडुलिंबाचा डहाळा थोडा वाकडा, आजेसासूबाईंच्या हातात गाठीचा दोरा, आणि पुढ्यात अर्ध्या चौकटीत माझी पाठ. कॅमेरा डोळ्याला लावून मी तोच फोटो काढते आहे.